पपडीवरचा फोटो

गरम पाण्याच्या कुंडांचे फोटो बघणाऱ्याला त्यांचा वास येत नाही. कुजकी अंडी, जळालेली काडेपेटी आणि तुंबलेलं गटार यांचा एकत्र यावा तसा तो वास. केसांत शिरतो, कपड्यांत बसतो, कॅमेऱ्याच्या पट्ट्याला चिकटतो आणि घरी नेला तरी चार धुण्यांत जात नाही. बावीस वर्षं कुठे कुठे फिरून फोटो काढले तरी फोटोवालीला असल्या वासाची सवय झाली नव्हती. मुक्कामाला मिळालेल्या खोलीतल्या नळालाही तेच पाणी होतं. सकाळी चूळ भरताना ती बेसिनवर वाकून दोनदा ओकली. बोटातली चांदीची अंगठी एका मुक्कामात काळी ठिक्कर पडली होती.

फोटोवाली हे नाव तिला भावजींच्या छापखान्यात पडलं होतं. भावजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. ते कॅलेंडरं छापायचे आणि त्यांतले डोंगर, धबधबे, फुलं ही सगळी तिने काढलेली असायची. गेल्या वर्षी तिने इथल्या सगळ्यात मोठ्या कुंडाचा फोटो काढला. मधोमध गर्द निळं पाणी, त्याभोवती हिरवा पट्टा, मग पिवळा, आणि काठाला पेटल्यासारखा नारिंगी. काठाच्या पांढऱ्या पपडीवर पाठमोरी, अनवाणी उभी असलेली एक मुलगी, वाऱ्यावर उडणारा पांढरा झगा. मुलगी म्हणजे तिची भाचीच, भावजींची एकोणीस वर्षांची लेक. घरात तिला ठकी म्हणत. लाकडी पायवाट सोडून पपडीवर उतरायला बंदी होती, तशी पाटीही होती. फोटोवालीने पाटी वाचली होती. "दोन मिनिटांचं काम आहे," ती ठकीला म्हणाली होती, "आणि चपला काढ, फोटोत घाणेरड्या दिसतात."

तो फोटो कॅलेंडरच्या पहिल्या पानावर गेला, तिथून लोकांच्या मोबाइलमध्ये, आणि मग कुठे कुठे गेला ते भावजींनाही सांगता आलं नसतं. या वर्षी ते म्हणाले, "मेव्हणीबाई, आता डोंगरबिंगर राहू दे. लोकांना कुंडं पाहिजेत. बाराच्या बारा महिने कुंडं." म्हणून ती परत आली होती, या वेळी एकटी.

पायवाटेच्या टोकाला ती पोचली तेव्हा आधी तिला वाटलं आपण भलत्याच कुंडापाशी आलो. निळा रंग नव्हता. मधलं पाणी गढूळ हिरवं झालं होतं, न धुतलेल्या टाकीच्या तळासारखं. नारिंगी पट्टा तुटक झाला होता आणि त्यावर तपकिरी बुळबुळीत लोळ तरंगत होते. काठाशी एक म्हातारा लांबलचक बांबूने पाणी ढवळत होता. बांबूच्या टोकाला लोखंडी आकडा. तो इथला राखणदार, सगळे त्याला आकडेमामा म्हणत. त्याने फळ्या टाकून स्वतःपुरती वाट केली होती आणि शेजारी एक प्लास्टिकची बादली ठेवली होती.

"काय काढताय मामा?" तिने पायवाटेवरूनच विचारलं.

"लोकांची बुद्धी," मामा म्हणाले. "बघा की. आज अजून अर्धीच भरलीये."

तिने बादलीत पाहिलं. नाणी होती, पाण्याच्या बाटल्या होत्या, उकळून आक्रसलेल्या, एक चष्मा, एक कंगवा, आणि सगळ्यावर लहान मुलाचा वापरलेला डायपर, फुगून उशीएवढा झालेला. त्यातून वाफ निघत होती. तिने झटकन तोंड फिरवलं.

"तळाशी भोक असतं, त्यातनं गरम पाणी वर येतं," मामा सांगत होते. "ते भोक या घाणीने बुजत चाललंय. गरम पाणी कमी आलं की कुंड निवतं, निवलं की भलतंच शेवाळ धरतं. झालं, निळा रंग गेला. मागच्या महिन्यात हरणाचं पाडस पडलं. तीन दिवस निघेना. निघालं तेव्हा नुसती हाडं, आणि पाण्यावर हा असा चरबीचा थर. त्याचेसुद्धा फोटो काढले लोकांनी. एक जण विचारतो, मामा, शिजलं का?"

"पण एवढी गर्दी पूर्वी नव्हती ना?"

"पूर्वी कुठली! गेल्या साली कुणा हरामखोराने एका पोरीला तिथं काठावर उभी करून फोटो काढला. तेव्हापासून जो येतो त्याला तिथंच उभं राहायचंय. ती बघा पावलं."

पांढऱ्या पपडीवर शेकडो ठसे होते. बुटांचे, सँडलचे, उघड्या पायांचे. काही ठिकाणी पपडी खचून काळी भोकं पडली होती आणि त्यांतून राखाडी चिखल रटरटत वर येत होता. आपणच तो हरामखोर, हे सांगायला फोटोवालीने तोंड उघडलं आणि मग नुसताच घसा खाकरला. "बंद का करत नाहीत?" तिने विचारलं.

"पत्रं लिहिली ना. येतील म्हणे साहेब पाहणीला."

मामा बादली ओतायला गेले. फोटोवालीने कॅमेरा काढला, भिंगावर फिल्टर चढवला आणि हळूहळू फिरवला. फिल्टर फिरला तशी पाण्यावरची चमक गेली, गढूळ हिरवा पाचूसारखा दिसायला लागला, तपकिरी लोळ नारिंगीत मिसळून गेले. तिने चौकट थोडी डावीकडे सरकवली, म्हणजे भोकं येणार नाहीत. पंधरा-वीस फोटो झाले. पडद्यावर पाहिले तर सुरेख होते. आपल्या हातांना ही लबाडी इतकी सहज येते हे बघून तिला स्वतःचीच शिसारी आली, तरी ती फोटो काढतच राहिली.

अकराच्या सुमारास गर्दी वाढली. कुणी खात होतं, कुणी साली पाण्यात भिरकावत होतं, आणि कठड्यापाशी तर रांगच लागली होती. कठडा ओलांडायचा, पपडीवर जायचं, पाठमोरं उभं राहायचं, फोटो झाला की परत यायचं आणि पुढच्याने जायचं. मामा एका टोकाला शिट्टी वाजवत धावले की दुसऱ्या टोकाला लोक उतरत.

"अहो मॅडम, तुम्ही फोटोग्राफर दिसताय," मागून आवाज आला. एक चाळिशीचा गुटगुटीत, हसरा माणूस. सोबत त्याची बायको, हातात दोघांचे बूट आणि पिशवी. त्याने मोबाइल तिच्यापुढे धरला. "हा असाच्या असा काढून द्याल का? बायकोला जमत नाही, मुंडकंच कापते."

मोबाइलवर ठकी होती. पाठमोरी, पांढऱ्या झग्यात.

"खाली उतरू नका," फोटोवाली म्हणाली. "ती पपडी आहे. आतून पोकळ असते. खाली उकळता चिखल आहे."

"मी केव्हाची हेच सांगतेय," बायको म्हणाली.

माणूस हसला. "माझं गाद्यांचं दुकान आहे मॅडम. पायाखाली मऊ काय आणि कडक काय, ते मला नका शिकवू." त्याने पाय कठड्यावरून पलीकडे टाकला. "आणि ही पोरगी उभी राहिलीच ना? तिला काय झालं?"

या प्रश्नाचं उत्तर फोटोवालीकडे होतं. तिला काही झालं नाही ते नशिबाने, आणि तिला तिथं मी उभी केली होती, एवढंच म्हणायचं होतं. ती म्हणाली नाही. गादीवाला चार पावलं गेला, वळला, हात पसरून दोनदा पाय आपटून दाखवला. "बघा, फरशी आहे फरशी!"

तिसऱ्यांदा पाय आपटला तेव्हा पापड मोडावा तसा आवाज झाला आणि त्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

त्याची किंकाळी लगेच आली नाही. आधी त्याच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. मग तोंड उघडलं ते मिटेचना. भोकातून वाफ उसळली, चिखलाचे शिंतोडे उडाले, बायको हातातले बूट टाकून कठड्याकडे धावली आणि मागची सगळी गर्दी मोबाइल वर धरून पुढे सरकली. त्या आरडाओरडीत फोटोवालीला अगदी जवळून एक बारीक खट्‌खट्‌ ऐकू येत होतं. ते तिच्या स्वतःच्या कॅमेऱ्याचं आहे, हे तिला जरा वेळाने कळलं.

मग तिने कॅमेरा खाली टाकला. मामांच्या फळ्या ओढून पपडीवर आडव्या टाकल्या आणि त्यांच्यावर पोट टेकून ती सरपटत पुढे गेली. अंगाखालची फळी तव्यासारखी तापली होती. मामांनी मागून बांबू सरकवला. गादीवाल्याने तो धरला, तिने त्याच्या काखेत हात घातले आणि दोघांनी मिळून त्याला ओढून काढलं. पाय वर आला तेव्हा त्यावर राखाडी चिखलाचा लगदा होता, आणि त्याखाली मोजा पोटरीवरून घसरत चालला होता. मोज्याबरोबर कातडीही घसरत होती. तिला मांस शिजल्याचा वास आला, गंधकाच्या वासात मिसळलेला. तो वास तिच्या घशाशी आला आणि तिने तोंड बाजूला करून तिथंच, फळीच्या कडेला, सकाळपासून पोटात होतं नव्हतं ते ओकून टाकलं.

"मोज्याला हात लावू नका!" मामा ओरडले. "थंड पाणी आणा, पिण्याचं! बाटल्या द्या!"

चाळीस-पन्नास माणसं होती. बाटल्या पुढे आल्या तीन. बाकीच्यांचे हात मोबाइलला गुंतले होते. एक जण वाकून तिला हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्हाला समोरून मिळाला असेल ना? आम्हाला पाठवा की."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिला त्याच्या थोबाडीत द्यायची होती, पण हात गादीवाल्याच्या मानेखाली अडकला होता.

दवाखाना तासाभराच्या अंतरावर होता. दुपारी तिथल्या बाकावर बसून तिने कॅमेरा उघडला. भिंगाला तडा गेला होता, पण फोटो शाबूत होते. त्याचा पाय आत गेल्यापासूनचे अकरा. प्रत्येकाखाली वेळ होती. पहिल्या आणि शेवटच्या फोटोत एकोणीस सेकंदांचं अंतर होतं. सहाव्या फोटोपासून चौकट उभी झाली होती. म्हणजे वाफ उंच चालली आहे आणि ती आडव्या चौकटीत मावणार नाही, एवढा विचार करून तिने कॅमेरा उभा धरला होता. एक माणूस समोर शिजत असताना.

सगळ्यात वाईट म्हणजे सहावा फोटो अप्रतिम होता. पांढरी वाफ, मागे नारिंगी पट्टा, वर आलेले दोन हात, उघडं तोंड. तिने आयुष्यात इतका चांगला फोटो काढला नव्हता. तो पुसून टाकायला तिने बटणावर बोट ठेवलं आणि पाच मिनिटं तसंच ठेवून मग काढून घेतलं.

तेवढ्यात भावजींचा फोन आला. "अगं, काय ऐकतोय मी? कुणीतरी पडलं म्हणे तिथं? तू ठीक आहेस ना?"

"मी ठीक आहे. त्याचा पाय भाजलाय. गेल्या वर्षीचा आपला फोटो दाखवत होता तो मला, भावजी. तसाच हवा होता त्याला."

"अरेरे," भावजी म्हणाले. "तुझं काम झालंय का पण? रंग कसे आलेत? नाही, म्हणजे सावकाश सांग. पण आता एकदम चर्चा होणार ना त्या कुंडाची, तर कॅलेंडर लवकर आणलेलं बरं."

तिने फोन बंद केला आणि जाऊन साबणाने हात धुतले. कोपरापर्यंत धुतले. वास गेला नाही.

चौथ्या दिवशी गादीवाल्याला भेटू देतात असं कळलं, तशी ती गेली. सगळं कबूल करायचं ठरवूनच गेली होती. तो उशांना टेकून बसला होता. मांडीची कातडी काढून पोटरीला लावली होती, पायाची दोन बोटं वाचली नव्हती. बायको शेजारच्या स्टुलावर शाळेतल्या वह्या तपासत बसली होती. ती गणित शिकवायची, शाळेत सगळे तिला बाई म्हणत.

"गेल्या वर्षीचा तो फोटो मीच काढलाय," फोटोवाली उभ्याउभ्याच म्हणाली. "ती मुलगी माझी भाची. तिथं उतरायला बंदी आहे हे मला माहीत होतं."

ती शिव्यांची वाट पाहत राहिली. गादीवाल्याचा चेहरा खुलला. "काय सांगताय! तुम्हीच? अगं ऐकलंस का, याच त्या! अहो, दुकानात लावलंय आम्ही ते कॅलेंडर. गिऱ्हाईक विचारतं, कुठलं हो हे?" त्याने हात पुढे केला. तिला तो हातात घ्यावा लागला. तो ऊबदार, घामट हात हलवताना तिला इतकं किळसवाणं वाटलं की तिने डोळे मिटून घेतले. किळस त्याची नव्हती.

बायको हसली नाही. "तुम्ही फोटो काढत होतात," ती म्हणाली. "मी तुमच्याकडे बघून ओरडत होते, हात द्या म्हणून."

"हो."

"किती वेळ?"

"एकोणीस सेकंद."

"एकोणीस," बाई म्हणाल्या आणि त्यांनी हातातली वही मिटली. "डॉक्टर म्हणाले, दहा-बारा सेकंद आधी निघाला असता तर बोटं राहिली असती."

मग गादीवाला म्हणाला, "फोटो आलेत का पण? बघू."

"नको," फोटोवाली म्हणाली.

"दाखवा," बाई म्हणाल्या. "बघू दे त्यांना."

तिने कॅमेरा त्याच्या हातात दिला. "रंग काय आलेत!" तो म्हणाला. दुसरा, तिसरा, चौथा. पाचव्यापाशी त्याचं हसू विरलं. सहावा त्याने खूप वेळ पाहिला. "हा मी?" त्याने विचारलं. "माझी आई बघेल तर..." त्याने कॅमेरा पालथा पांघरुणावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलायला लागले तेव्हा बाई उठून त्याच्याजवळ गेल्या. फोटोवाली कॅमेरा उचलून, दार ओढून बाहेर आली.

घरी परतल्यावर तिने कॅलेंडरला फोटो देणार नाही म्हणून सांगितलं. त्या दिवशी बहिणीकडे सगळे जेवायला बसले होते. भावजींनी आधी थट्टेवारी नेलं, मग आवाज चढवला. "दर वर्षी लोक मोटारीखाली मरतात, म्हणून मोटारीचे फोटो काढायचे नाहीत का? आपण काय त्याला ढकललं? आणि ठकीला नाही काही झालं!"

"माझे पाय भाजत होते," ठकी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ठकी पानाकडे बघत बोलत होती. "त्या दिवशी. पपडी गरम होती आणि खालून काहीतरी हलत होतं. मावशी म्हणाली, हलू नकोस, झगा मस्त उडतोय. मग नाही हलले. नंतर तळव्यांना फोड आले होते. आठवडाभर मोजे घालून फिरले."

"सांगितलं नाहीस?" बहीण म्हणाली.

"फोटो इतका छान आला होता. कशाला सांगू?"

फोटोवालीच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. तो गिळताही येईना आणि थुंकताही येईना. शेवटी ती उठून मोरीत गेली. बाहेर आली तेव्हा भावजी पानावरून उठले होते. पुढे त्यांनी दुसरा फोटोग्राफर पाठवला आणि कॅलेंडर काढलंच, कुंडांचंच काढलं. ते तिच्या घरी आलं तेव्हा तिने ते गुंडाळीतून काढलं नाही. बहीण मात्र छापखान्यात गेली आणि ठकीचा गेल्या वर्षीचा फोटो असलेली उरलीसुरली सगळी बंडलं रद्दीत घालून आली. त्यावरून नवरा-बायकोत महिनाभर अबोला होता.

दोन महिन्यांनी गादीवाल्याचा फोन आला. तो कुबडी घेऊन दुकानात बसायला लागला होता. "तो सहावा फोटो," तो फोनवर म्हणाला, "मामांना द्या. तिथं लावायला. माझं तोंड झाकायचं नाही. पायाचाही लावा, पट्ट्या सोडतानाचा. बायकोने काढलाय. या वेळी तिने काही कापलं नाही."

तिने दोन्ही फोटो मोठे करून घेतले आणि स्वतः घेऊन गेली. मामांनी चार खांब रोवून फलक उभा केला होता. त्यावर ते फोटो चढले, आणि खाली मजकूर, त्यात मोज्याबरोबर सुटलेल्या कातडीचा आणि एकोणीस सेकंदांचाही उल्लेख होता. तो तिने लिहिला होता. ती कोण हे मामांना तेव्हा कळलं. त्यांनी तिला शिवी दिली नाही. "खिळे द्या," एवढंच म्हणाले.

दुपारी पहिलं टोळकं आलं. फलक बघून त्यातला एक जण आ वासून, हात वर करून उभा राहिला आणि बाकीच्यांनी हसत त्याचा फोटो घेतला. फोटोवालीचे कान तापले. ती पुढे होणार, तेवढ्यात त्यांच्यातल्या एका मुलीने खालचा मजकूर वाचायला घेतला. आधी ती नाटकी आवाजात वाचत होती. मोज्याच्या ओळीपाशी तिचा आवाज उतरला. तिने मान वर करून पोटरीचा फोटो नीट पाहिला.

"शी!" ती म्हणाली. "काय घाणेरडंय हे!" आणि आ वासणाऱ्याचा दंड धरून तिने त्याला खेचत पायवाटेच्या मध्यावर आणलं.

बावीस वर्षांत फोटोवालीच्या फोटोंना लोक अहाहा म्हणत आले होते. हे 'शी' तिला पहिल्यांदा मिळालं, आणि ते खरं होतं. त्या दिवशी कठडा कुणी ओलांडला नाही. दुसऱ्या दिवशी दोघांनी ओलांडला. मामांनी शिट्टी फुंकली आणि त्यांना परत आणायला ती स्वतः धावली. कॅमेरा तिने सोबत आणलाच नव्हता. त्या दोघांना पायवाटेवर सोडून ती परतली तेव्हा मामा आकड्याने काहीतरी ओढत होते आणि ते येत नव्हतं.

"धरा," ते म्हणाले. तिने बांबू धरला. दोघांनी जोर लावला तसा तळातून एक काळा, फुगलेला बूट वर आला, आत शेवाळ भरलेला. तिने नाक दाबलं आणि बादली पुढे केली.